बान्यूल्स-स्यूर-मेर : भूमध्य समुद्रकाठच्या वाइनच्या गावात काय पाहावे आणि कसे पाहावे

फ्रान्सचा भूमध्य किनारा म्हटला की नीस आणि कान ही नावे आधी पुढे येतात. मात्र पिरेनीज पर्वताची पूर्वेकडची सोंड जिथे थेट समुद्रात उतरते, तिथे स्पेनच्या सीमेलगत चार गावे ओळीने वसलेली आहेत : कोलियूर, पोर-वांद्र, बान्यूल्स-स्यूर-मेर आणि सर्बेर. बान्यूल्स ही नैसर्गिक गोडीची, गडद, दीर्घकाळ टिकणारी वाइन केवळ या चार गावांच्या हद्दीत पिकलेल्या द्राक्षांपासूनच करता येते आणि तिचे नावही यांपैकी एका गावाचे आहे. बहुतेक प्रवासी कोलियूरला उतरतात, सुंदर बंदराची छायाचित्रे काढतात आणि बान्यूल्सला तासाभराची धावती भेट देऊन परत फिरतात. हे गाव असे पाहू नये, असे माझे ठाम मत आहे. येथील समुद्र, डोंगर आणि द्राक्षबागा एकमेकांपासून वेगळ्या काढता येत नाहीत आणि त्यांचा संबंध ध्यानात येण्यासाठी पायी चढण्याला व निवांत बसण्याला वेळ द्यावा लागतो. त्यामुळे येथे किमान तीन रात्री मुक्काम ठरवावा आणि पुढील क्रम त्याच हिशोबाने घ्यावा.

पहिली पायरी : महिना निवडणे

जुलै आणि ऑगस्ट हे गर्दीचे, महागडे आणि कडक उन्हाचे महिने आहेत. समुद्रात पोहणे हाच मुख्य हेतू असेल आणि मुले बरोबर असतील, तरच ते निवडावेत. मे-जून आणि सप्टेंबर हे चालण्यासाठी उत्तम. त्यातही सप्टेंबर विशेष चांगला, कारण उन्हाळाभर तापलेले पाणी तोपर्यंत पोहण्याजोगे उबदार राहते आणि डोंगरउतारावर द्राक्षांची तोडणी सुरू असते. ऑक्टोबरमध्ये तोडणीचा उत्सव होतो. पारंपरिक कातालान होड्यांतून द्राक्षे समुद्रमार्गे किनाऱ्यावर आणली जातात आणि गावकरी वाळूवरच चुली मांडून जेवतात. नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये पाहिलेल्या वाचकांना हे वेळापत्रक नेमके उलटे वाटेल.

एका गोष्टीची तयारी प्रत्येक ऋतूत ठेवावी, ती म्हणजे त्रामोंतान नावाचा वारा. वायव्येकडून येणारा हा कोरडा, जोरकस वारा सलग काही दिवस वाहू शकतो. आकाश निरभ्र असते आणि ऊन लखलखीत असते, तरीही कड्यावरच्या पायवाटेने चालताना तोल सांभाळावा लागतो. अंगाला घट्ट बसणारे वाराबंद जाकीट आणि गळ्याखाली दोरी असलेली टोपी बरोबर घ्यावी. साधी टोपी पहिल्याच वळणावर समुद्रात जाते.

दुसरी पायरी : तिथे पोचणे

भारतातून जाणाऱ्यांना बार्सिलोनामार्गे येणे सहसा पॅरिसपेक्षा सोयीचे पडते. बार्सिलोनाहून पर्पिन्याँ या फ्रेंच शहरापर्यंत वेगवान रेल्वेने दीड तासाच्या आत पोचता येते, तर पॅरिसहून तोच टप्पा साधारण पाच तासांचा आहे. पर्पिन्याँहून सर्बेरकडे जाणारी प्रादेशिक गाडी घ्यावी. बान्यूल्स पाऊण तासाच्या आसपास येते. दक्षिणेकडे जाताना डाव्या बाजूची खिडकी धरावी, कारण सपाट प्रदेश मागे पडून आर्जेलेस ओलांडले की गाडी बोगद्यांतून आत-बाहेर करू लागते आणि दोन बोगद्यांच्या मधल्या प्रत्येक फटीत समुद्र दिसतो. स्थानकापासून किनारा पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहे.

मोटार भाड्याने घ्यावी का, असा प्रश्न नेहमी पडतो. घेऊ नये, हे माझे उत्तर आहे. किनाऱ्याचा रस्ता वळणावळणाचा आहे, उन्हाळ्यात गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि मुख्य म्हणजे वाइन चाखायला आलेल्या माणसाने चाक हाती घेणे योग्य नाही. फ्रान्समध्ये रक्तातील मद्यार्काची कायदेशीर मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे आणि बान्यूल्ससारख्या तीव्र वाइनचे दोन-तीन पेले घेतले, की माणूस तिच्या पुढे सहज जाऊ शकतो. चारही गावे रेल्वेने जोडलेली असल्यामुळे मोटारीवाचून काही अडत नाही.

शेंगेन व्हिसा फ्रान्स आणि स्पेन या दोन्ही देशांना चालतो. तरीही डोंगरातून किंवा रेल्वेने सीमा ओलांडण्याचा बेत असेल त्या दिवशी मूळ पारपत्र खिशात असलेच पाहिजे, कारण या भागात पोलीस गाड्यांमध्ये तपासणी करतात.

तिसरी पायरी : आधी द्राक्षबाग, मग पेला

पहिल्या सकाळी कोणत्याही वाइनरीत न शिरता गावामागच्या डोंगरावर चढावे. गावाच्या वरच्या बाजूला पुच देल मास ही जुनी वस्ती आहे. तिथून द्राक्षबागांमध्ये जाणाऱ्या पायवाटा फुटतात आणि त्यांवर खुणा केलेल्या आहेत. तास-दीड तास चढले तरी पुरेसे आहे. दमदार चालणाऱ्यांनी सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवरच्या मादेलॉक या मध्ययुगीन टेहळणी बुरुजापर्यंत जावे. तिथून एका बाजूला रुसियोंचे मैदान आणि दुसऱ्या बाजूला स्पेनची भूशिरे दिसतात.

वाटेत एका बांधाजवळ थांबून तो नीट पाहावा. हा डोंगर शिस्ट नावाच्या, पापुद्र्यांनी सुटणाऱ्या काळपट तपकिरी खडकाचा आहे. तेच दगड वेचून, चुना-माती न वापरता एकावर एक रचून बांध घातलेले असतात. कोकणातला गडगा ज्याने पाहिला आहे त्याला ही रचना लगेच ओळखू येईल. बांधांच्या मधून तिरके चर खोदलेले असतात. दोन बाजूंनी येणारे चर एका मधल्या चराला मिळतात आणि वरून पाहिले तर कोंबड्याच्या पायाचा ठसा उमटल्यासारखे दिसतात. स्थानिक कातालान भाषेत या रचनेला कोंबड्याचा पाय असेच म्हणतात. शरद ऋतूत येथे थोड्या तासांत प्रचंड पाऊस कोसळतो. हे चर नसते तर मूठभर जाडीची माती पहिल्याच पावसात समुद्रात गेली असती. दरवर्षी ढासळलेले दगड शेतकऱ्याला हाताने पुन्हा रचावे लागतात.

वेलींची मांडणीही आपल्या परिचयाची नाही. इथे मांडव नाही आणि तारांचा आधारही नाही. ग्रेनाश जातीची बुटकी, जाड खोडाची वेल जमिनीलगत झुडपासारखी वाढवतात, म्हणजे त्रामोंतानचा मार कमी बसतो. उतार इतके उभे आहेत की तोडणी हातानेच करावी लागते आणि काही ठिकाणी नांगरणीसाठी अजूनही खेचर वापरतात. बान्यूल्ससाठी हेक्टरी उत्पादनाची कायदेशीर कमाल मर्यादा तीन हजार लिटर आहे आणि प्रत्यक्षात अनेक बागांचे उत्पादन त्याहूनही कमी भरते. हे सर्व डोळ्यांनी पाहिल्यानंतर बाटलीवरची किंमत वेगळी वाटू लागते आणि म्हणूनच हा क्रम उलटा करू नये, असा माझा आग्रह आहे.

पायवाटांवर चालताना बांधांवर चढू नये आणि घडांना हात लावू नये. उन्हाळ्यात वणव्याचा धोका असल्यास प्रशासन डोंगरातील प्रवेश त्या-त्या दिवसापुरता बंद करते. एप्रिल 2023 मध्ये सर्बेर आणि बान्यूल्स यांच्यामधल्या डोंगरांवर लागलेल्या वणव्यात सुमारे हजार हेक्टर क्षेत्र जळाले, त्यामुळे ही बंदी कोणीही हलक्याने घेत नाही. निघण्यापूर्वी पर्यटन कार्यालयात चौकशी करावी.

चौथी पायरी : तळघरात काय पाहावे, कसे चाखावे

गावात आणि परिसरात सहकारी तळघरे आहेत, तशीच कुटुंबांची छोटी उत्पादनगृहेही आहेत. तेर दे टाँप्लिए या मोठ्या संस्थेचे तळघर प्रथमच येणाऱ्यासाठी चांगले, कारण तिथे सगळी प्रक्रिया क्रमाने दाखवतात. त्यानंतर एखाद्या लहान उत्पादकाकडे आधी वेळ ठरवून जावे. दुपारी बारा ते दोन या वेळेत बहुतेक दारे बंद असतात, हे लक्षात ठेवून बेत आखावा.

बान्यूल्स कशी तयार होते ते आधीच समजून घेतले तर तळघरातली भेट अधिक अर्थपूर्ण होते. द्राक्षाचा रस आंबू लागला की त्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होत जाते. ही क्रिया मध्यावर असताना द्राक्षांपासूनच काढलेला, 96 टक्के तीव्रतेचा मद्यार्क त्यात एकूण रसाच्या पाच ते दहा टक्के प्रमाणात मिसळतात. त्यामुळे यीस्ट निष्क्रिय होते आणि उरलेली द्राक्षांची साखर वाइनमध्ये तशीच राहते. या पद्धतीचे श्रेय तेराव्या शतकातील आर्नाऊ दे व्हिलानोवा या कातालान वैद्याला दिले जाते. पोर्तुगालची पोर्ट याच तत्त्वावर बनते. गोव्यात पोर्ट या नावाने मिळणारी गोड वाइन ज्यांनी चाखली आहे, त्यांनी मात्र ती चव डोक्यातून बाजूला ठेवून पेला हाती घ्यावा.

येथून पुढे दोन वाटा फुटतात आणि चाखताना हाच फरक समजून घ्यायचा असतो. रिमाज प्रकारची वाइन हवेपासून जपून लवकर बाटलीत भरतात. तिचा रंग गडद जांभळा असतो आणि चवीत ताजी काळी फळे आणि चेरी जाणवतात. पारंपरिक प्रकार याच्या अगदी उलट. ती वाइन मुद्दाम हवेच्या संपर्कात, पूर्ण न भरलेल्या लाकडी पिंपांत मुरवतात आणि काही उत्पादक ती काचेच्या मोठ्या, फुगीर बरण्यांत भरून उघड्यावर ठेवतात. या बरण्या ऊन, पाऊस, रात्रीची थंडी सारे काही सोसत उभ्या असतात. त्यांच्या रांगा जरूर जवळून पाहाव्यात. उन्हाकडे धरले तर एका बरणीतील द्रव माणकासारखा लाल आणि शेजारच्या जुन्या बरणीतील विटकरी-पिवळसर दिसतो. अशा वाइनमध्ये अक्रोड, सुके अंजीर, कॉफी आणि कोको यांचे स्वाद उतरतात. ग्रां क्र्यू हा दर्जा मिळण्यासाठी किमान तीन चतुर्थांश काळे ग्रेनाश आणि लाकडात किमान 30 महिने मुरवणे बंधनकारक आहे.

चाखण्याचा क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवावा. याच बागांमधून कोलियूर नावाची, गोड नसलेली म्हणजे कोरडी वाइनही निघते. लाल कोलियूरला 1971 मध्ये अधिकृत दर्जा मिळाला. आधी कोलियूर पांढरी आणि लाल, मग पांढरी बान्यूल्स, मग रिमाज, त्यानंतर पारंपरिक आणि सर्वांत शेवटी जुनी ग्रां क्र्यू घ्यावी. गोड वाइन आधी घेतली तर नंतरची कोरडी वाइन आंबट आणि पातळ लागते. प्रत्येक घोट गिळण्याची गरज नाही. ठेवलेल्या भांड्यात तो थुंकून टाकणे हा शिष्टाचाराचा भाग आहे, कोणीही त्याला अवमान समजत नाही. पाच-सहा प्रकारांनंतर थांबावे, कारण त्यापुढे जिभेला फरक कळेनासा होतो. कडसर चॉकलेटचा तुकडा रिमाजबरोबर आणि रोकफोरसारखे निळे चीज जुन्या पारंपरिक वाइनबरोबर घेऊन पाहावे. मद्य न घेणाऱ्यांसाठी बान्यूल्सचे व्हिनेगर आहे. पिंपात मुरलेले हे व्हिनेगर सॅलडवर अप्रतिम लागते.

पाचवी पायरी : समुद्र

दुसरा दिवस पाण्यासाठी ठेवावा. गावासमोरच्या किनाऱ्यावर खडेच खडे आहेत, त्यामुळे पाण्यात चालणारी रबरी चप्पल घ्यावी. गावाबाहेरचा लेझ एल्म हा किनारा अधिक मोकळा आहे. पण खरे आकर्षण आहे ते बान्यूल्स आणि सर्बेर यांच्या दरम्यानचे सागरी अभयारण्य. 1974 मध्ये स्थापन झालेले हे फ्रान्समधील पहिले संपूर्ण सागरी अभयारण्य सुमारे 650 हेक्टरांचे आहे. त्यातील पेरफितच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात पाण्याखालची सुमारे अडीचशे मीटरची वाट आखलेली असते. तरंगत्या बोयांना धरून पाच ठिकाणी थांबायचे, खाली लावलेले माहितीफलक वाचायचे आणि पुढे सरकायचे. पोहता येणाऱ्याने मुखवटा, श्वासनळी आणि पंखे घेतले की पुरे. पाणी उथळ आहे. समुद्री गवताचे कुरण, खडकांतील ऑक्टोपस आणि नशीब चांगले असेल तर आपल्याकडच्या हेकरूच्या कुळातला मेरू नावाचा भारदस्त मासा दिसतो. अभयारण्यात शिंपलासुद्धा उचलू नये.

वारा असेल आणि पाण्यात उतरणे शक्य नसेल, तर बंदराजवळच्या मत्स्यालयात जावे. ते आरागो प्रयोगशाळेशी जोडलेले आहे. प्राणिशास्त्रज्ञ आंरी द लाकाझ-द्यूतिए यांनी 1882 मध्ये स्थापन केलेली ही सागरी संशोधनसंस्था आता सॉर्बोन विद्यापीठाचा भाग आहे.

सहावी पायरी : मायोलचे घर आणि सीमेवरची वाट

शिल्पकार आरिस्तीद मायोल यांचा जन्म 1861 मध्ये याच गावात झाला आणि 1944 मध्ये त्यांचे निधन झाले. गावापासून सुमारे चार किलोमीटरवर, द्राक्षबागांच्या दरीत असलेले त्यांचे शेतघर आता संग्रहालय आहे. त्यांची समाधी तिथेच असून तिच्यावर त्यांचेच ‘भूमध्य’ हे बसलेल्या स्त्रीचे शिल्प आहे. तिथे चालतच जावे. मायोल यांच्या स्त्रीप्रतिमांचा भरीव, शांत आकार आणि या गोलाकार टेकड्यांचे उतार एकाच वेळी नजरेसमोर येतात.

या घराची दुसरी ओळखही आहे. 1940 मध्ये नाझींपासून पळणाऱ्या निर्वासितांना स्पेनमध्ये पोचवण्याचे काम मायोल यांची तरुण मॉडेल दीना व्हेर्नी करत होती आणि डोंगरातील वाटा तिला मायोल यांनीच दाखवल्या होत्या. त्याच वर्षी लीझा फिट्को या जर्मन कार्यकर्तीला गावाचे महापौर व्हँसाँ आझेमा यांनी दुसरी चोरवाट समजावून दिली. त्या वाटेने तिने सप्टेंबरच्या अखेरीस जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिन यांना नेले. हृदयविकाराने थकलेले बेन्यामिन दहा मिनिटे चालून एक मिनिट थांबत होते आणि हस्तलिखित असलेली जड काळी बॅग त्यांनी सोडली नाही. स्पेनमधील पोर्टबोऊला पोचल्यावर पोलिसांनी परत पाठवण्याची ताकीद दिली आणि 26 सप्टेंबर 1940 च्या रात्री तिथल्याच हॉटेलात 48 वर्षांच्या बेन्यामिन यांचा शेवट झाला. ते हस्तलिखित कधीच सापडले नाही.

ही वाट आज त्यांच्या नावाने खुणावलेली आहे आणि या सर्व मुक्कामात एकच गोष्ट निवडायची झाली, तर मी हीच निवडेन. अंतर सुमारे 15 किलोमीटर, चढ साधारण साडेपाचशे मीटरपर्यंत, आणि वेळ थांब्यांसह सहा-सात तास लागतो. सकाळी आठपूर्वी निघावे. वाटेत दुकान नाही आणि सावलीही फारशी नाही, म्हणून माणशी किमान तीन लिटर पाणी, जेवण आणि टाच घट्ट धरणारे बूट हवेत. पहिला निम्मा भाग द्राक्षबागांतून, नंतरचा झुडपी रानातून जातो. खिंडीत पोचल्यावर मागे फ्रान्सचा आणि पुढे स्पेनचा समुद्र एकदम दिसतो. स्पेनकडचा उतार गुडघ्यांची परीक्षा पाहणारा आहे, काठी असावी. पोर्टबोऊच्या दफनभूमीजवळ इस्रायली कलाकार दानी काराव्हान यांचे 1994 मधील स्मारक आहे : गंजलेल्या पोलादाचा अरुंद बोगदा, त्यातून खाली उतरणाऱ्या पायऱ्या, आणि शेवटी काचेच्या पलीकडे फेसाळणारे पाणी. तिथे घाई करू नये. परतीसाठी पोर्टबोऊहून सर्बेरमार्गे रेल्वे आहे, पण गाड्या कमी असल्यामुळे वेळापत्रक आदल्या रात्रीच पाहून ठेवावे. एवढे चालणे झेपणार नसेल तर रेल्वेने पोर्टबोऊला जाऊन स्मारक पाहून यावे.

सातवी पायरी : शेजारची ठिकाणे

पोर-वांद्रच्या हद्दीतील पोलीय उपसागर बान्यूल्सहून किनाऱ्याच्या पायवाटेने दीड-दोन तासांवर आहे. 1870 पासून 1984 पर्यंत तिथे नोबेल यांच्या डायनामाइटचा कारखाना होता. आता ती जागा सार्वजनिक आहे, प्रवेश विनामूल्य आहे, आणि कामगारांचे धोक्याचे जीवन सांगणारे प्रदर्शन मन लावून पाहण्यासारखे आहे. कोलियूरसाठी अर्धा दिवस पुरतो. 1905 च्या उन्हाळ्यात मातीस आणि दरँ यांनी जिथे उभे राहून चित्रे काढली, तिथे त्या चित्रांच्या प्रतिकृती लावल्या आहेत. स्पॅनिश कवी आंतोनियो माचादो यांची समाधीही तिथेच आहे. स्पेनमधील यादवी युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात सीमा ओलांडून आलेला हा कवी 22 फेब्रुवारी 1939 रोजी कोलियूरमध्येच निवर्तला.

जेवणाविषयी

किनाऱ्यावरचे जेवण मासळीचे आहे आणि कोलियूरचे खारवलेले अँचोव्ही प्रसिद्ध आहेत. शाकाहाऱ्यांनी निराश होऊ नये, पण सावध राहावे. भाजलेल्या वांग्या-मिरच्यांचा एस्कालिवादा आणि टोमॅटो चोळलेला पाव हे दोन्ही पदार्थ पोटभरीचे आहेत. मात्र एस्कालिवादावर अनेकदा अँचोव्ही पसरलेले असतात. ‘सां व्याँद, सां प्वासाँ, सां आंश्वा’, म्हणजे मांस, मासे आणि अँचोव्ही नको, एवढे स्पष्ट सांगावे. मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या खोलीत घेतला आणि आठवडी बाजारातून भाज्या आणल्या, तर सर्वांचीच सोय होते. शेवटी क्रेम कातालान या कस्टर्डसारख्या गोड पदार्थाची वाटी आणि थंड केलेली पांढरी बान्यूल्स घ्यावी.

बाटल्या घरी आणताना

भारतात परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या निश्चिंत येतात. तळघरातून घेतलेली बाटली हातातल्या पिशवीतून विमानात नेता येत नाही. ती चेक-इन सामानात, कपड्यांच्या मधोमध, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट गुंडाळून ठेवावी. दोनच बाटल्या घ्यायच्या असतील, तर एक रिमाज आणि एक जुनी पारंपरिक घ्यावी. रिमाज घरी फ्रिजमध्ये आडवी ठेवावी आणि उघडल्यावर आठवड्याभरात संपवावी. पारंपरिक वाइनने मुरतानाच हवा आणि उष्णता सोसलेली असल्यामुळे तिची उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली, तर कित्येक आठवडे चांगली राहते. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात घरी न्यायची एकच बाटली निवडायची असेल, तर याच कारणासाठी पारंपरिक निवडावी.